कोजागिरी बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या दफनभूमीत करायची का?

कॅम्पातला: न्यूयॉर्कमध्ये ग्रीन-वुड नावाची 1838 सालची दफनभूमी आहे. तिथं आता तिकीट लावून गाण्याच्या मैफली होतात. आपण कोजागिरीला गच्चीवर दूध आटवतो, अंताक्षरी खेळतो, झोपतो. यंदा कॅम्पातल्या गोऱ्यांच्या जुन्या दफनभूमीत करूया की, रीतसर परवानगी काढून. पोरं कागदाचे चंद्र करतील, कुणी पेटी-तबला आणेल, कविता वाचू.

शहापूरकर: पितृपक्ष संपून महिना होत नाही तोवर थडग्यांत बसून दूध प्यायचं? स्मशानातून आलं की आपल्यात आंघोळीशिवाय घरात कशाला हात लावू देत नाहीत. आमची पोरं येणार नाहीत.

वडगावची सून: ओ शहापूरकर, सदाशिवनगरच्या स्मशानात 6 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी काय होतं ते बघितलंय नव्हं? काँग्रेसचे नेते सतीश जारकीहोळी रात्री तिथंच मुक्काम करतात, माणसं भाषणं ऐकतात, जेवतात. कुणाला भूत लागलं? एरवी आम्हा बायकांना फाटकाबाहेरच थांबवतात.

शहापूरकर: तो कार्यक्रम अंधश्रद्धेविरुद्ध आहे, करमणूक नाही. आणि आपल्याच स्मशानात आहे. तुम्ही गोऱ्यांची थडगी निवडलीत, कारण भांडायला वारस येणार नाहीत. हिंमत असेल तर रुद्रभूमीत नाहीतर कब्रस्तानात विचारून बघा.

खानापूर रोड: वारस नाहीत कसे? थडग्यांवर क्रूस आहेत, आम्ही आहोत की. 2 नोव्हेंबरला आम्ही आमच्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो, फुलं ठेवतो, प्रार्थना म्हणतो. तबला नको. आधी आम्हाला विचारा, मग परवानगीचा अर्ज करा.

कॅम्पातला: विचारणारच. पण 1818 ला किल्ला इंग्रजांकडं गेला, मग छावणी वसली, हे आपल्या पोरांना कोण सांगणार? छावण्यांच्या दफनभूमीत लढाईपेक्षा तापानं, पटकीनं गेलेलेच जास्त. तान्ही पोरंसुद्धा.

जांभा: भावनांचं तुमचं तुम्ही बघा, मी दगडाचं सांगतो. थडग्यावर मेणबत्ती लावायची नाही, मेण दगडात मुरतं आणि निघत नाही. उभ्या दगडाला टेकायचं नाही. चूल तिथं पेटवू नका, दूध घरून आटवून आणा. परतीच्या पावसात गवत माजलेलं असतं, घोणस-फुरशाची जागा, त्यामुळं आधी कापणी. स्पीकर रात्री 10 नंतर तसाही बंद. आणि ढग आले तर चंद्राविनाच कोजागिरी.

एक गोष्ट मात्र खरंच करण्यासारखी आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, म्हणून सुरुवातीला उजेड आडवा पडतो. ज्या दगडावरून तो कडेनं घासून जातो, त्यावरची अक्षरं उठून दिसतात. चांदणं कमी पडलं तर बॅटरी दगडाच्या कडेला आडवी धरा, दुपारी न दिसलेलं नावसुद्धा वाचता येतं. अक्षरांत खडू घासू नका. कागदी चंद्रांपेक्षा पोरांना हे दाखवा.

वडगावची सून: हे बेस! पण घोडं अडणार ते कार्यक्रमाचा फलक मराठीत की कन्नडमध्ये यावर, लिहून ठेवा.

शहापूरकर: नावं वाचायला येतो. खानापूर रोडवाले हो म्हणाले तरच. दूध घरी जाऊन, आंघोळ करून पिणार.