मदत हवी आहे : किलिमांजारोवर ५१५० मीटरवरून परत फिरले. पुन्हा जायचं तर काय बदलू?

नमस्कार. मी कोल्हापूरची, राजारामपुरीत राहते, वय ४४. गेल्या जानेवारीत आम्ही सहाजण टांझानियाला किलिमांजारोसाठी गेलो होतो. तिघं उहुरू शिखरावर, म्हणजे ५८९५ मीटरवर पोहोचले. दोघं विवराच्या काठावर गिलमन्स पॉइंटला टेकून परतले. मी मात्र त्याच्या कितीतरी खाली, हान्स मायर गुहेपाशीच थांबले. ती जागा साधारण ५१५० मीटरवर आहे.

घरी आल्यापासून एकच विचार डोक्यात आहे, म्हणून हा धागा. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही असं वाटतं.

आमच्या गटात तयारी माझीच सर्वांत जास्त होती. दीड वर्षं दर रविवारी पहाटे जोतिबाच्या पायऱ्या, तेही पाठीवर सात-आठ किलो घेऊन. पन्हाळा ते पावनखिंड पावसात दोनदा केलं. कळसूबाईही झालं. आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, वय ५३, गुडघ्याला पट्टा बांधून चालणाऱ्या, रविवारी माझ्यापेक्षा पाऊण तास उशिरा वर पोहोचायच्या. उहुरूवर त्या गेल्या. मला त्यांचा हेवा वाटत नाही, मनापासून आनंद आहे. पण माझ्या शरीराला तिथं काय झालं ते मला समजून घ्यायचं आहे.

आमचा मारंगू मार्ग होता, पाच दिवसांचा. या वाटेवर तंबू नसतात, लाकडी झोपड्यांमध्ये मुक्काम असतो. पहिली रात्र मंदारा, २७२० मीटर. दुसरी होरोम्बो, ३७२०. तिसऱ्या दिवशी किबो, ४७२०, आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे निघायचं. आता हे आकडे लिहितानाच दिसतंय की रोज हजार मीटर उंच जाऊन झोपलो. तेव्हा मात्र आम्ही फक्त सुट्ट्या आणि पैसे मोजले होते. सहा दिवसांच्या बेतात होरोम्बोला एक रात्र जास्त मिळते, ती आम्ही वाचवली.

पहिले दोन दिवस मी सर्वांच्या पुढं होते. वाटाडे सारखे 'पोले पोले' म्हणायचे, म्हणजे हळूहळू. मला वाटायचं, हे दमणाऱ्यांसाठी असेल. होरोम्बोला मी बाकीच्यांच्या आधी तासभर पोहोचले. त्या संध्याकाळी कपाळ ठणकायला लागलं. मी डोकेदुखीची गोळी घेतली आणि कुणालाच सांगितलं नाही. रात्री शौचालयासाठी त्या थंडीत बाहेर जावं लागू नये म्हणून दुपारनंतर पाणीही कमी प्यायले. हे लिहायला संकोच वाटतो, पण इथल्या बायकांना कळेल.

किबोला जेवण गेलं नाही. सूप प्यायले ते उलटलं. तेही मी झोपडीच्या मागं जाऊन उरकलं आणि आत येऊन हसत बसले.

मध्यरात्री निघालो. किबोच्या वरचा चढ म्हणजे नुसता मुरमाड घसारा, दोन पावलं वर टाकली की एक मागं येतं. रात्री थंडीनं तो जरा घट्ट असतो, म्हणून अंधारात चढतात. हेडटॉर्चच्या उजेडात पुढच्याचे बूट तेवढे दिसत होते. गुहेपाशी थांबलो तेव्हा वाटाड्यानं माझ्याकडं टॉर्च धरून पाहिलं आणि मला सरळ रेषेत, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत चालायला सांगितलं. चार पावलांत माझा तोल गेला. पुन्हा चालायला लावलं, पुन्हा गेला. त्यानं वाद घातला नाही. सहायक वाटाड्याला माझ्यासोबत दिलं आणि खाली पाठवलं. किबोलाही थांबू दिलं नाही, तसंच होरोम्बोपर्यंत उतरवलं. सकाळी दहाच्या सुमारास डोकं पूर्ण हलकं झालं होतं. बाहेर ऊन होतं, समोर डोंगराचा पांढरा माथा दिसत होता, आणि मी रडत होते.

जोतिबाचा गुलाल मी लहान पुडीत बांधून नेला होता. वर गेल्यावर कपाळाला लावायचा, एवढंच मनात होतं. वळताना तो जाऊबाईंकडं द्यायचं सुचलंच नाही. ती पुडी माझ्याच जॅकेटच्या खिशातून परत आली. देवघरात ठेवली आहे.

आता प्रश्न. पुन्हा जायचं ठरवलं तर मारंगूच सहा दिवसांत करू, की माचामे किंवा लेमोशो घेऊ? विरळ हवेचा त्रास टाळायला घेतात ती डायमॉक्सची गोळी घ्यावी का? लहानपणी सल्फाच्या गोळीनं मला अंगभर पुरळ उठलं होतं, म्हणून मागच्या वेळी घेतली नव्हती. आणि कोल्हापुरात राहून उंचीची तयारी काही करता येते का? घरून विरोध नाही, पण मुलीची दहावी आहे, त्यामुळं परीक्षेनंतरच जमेल. एप्रिल-मे तिकडचा मोठा पाऊस, म्हणजे जूनच्या शेवटी किंवा त्यानंतर.

प्रतिसाद : मिरजेचा वाटसरू

ताई, मी २०१९ ला लेमोशोनं गेलो होतो, आठ दिवस. रागवू नका, पण तुम्ही पाच दिवसांचा बेत घेतलासा तिथंच निम्मी चूक झाली. लेमोशो आणि माचामे या दोन्ही वाटा लाव्हा टॉवरवरून जातात. ती जागा ४६०० मीटरच्या वर. दुपारी तिथं डबा खायचा आणि संध्याकाळी झोपायला बारांकोला ३९०० च्या आसपास उतरायचं. त्या दिवशी माझंही डोकं सडकून दुखलं आणि बारांकोत पोहोचेपर्यंत गेलं. शरीराला वरची हवा दाखवायची आणि झोपवायचं खाली. मारंगूच्या सरळ चढात ही सोय नाही. सहा दिवसांच्या मारंगूत होरोम्बोहून झेब्रा रॉक्सपर्यंत जाऊन येतात, तेवढाच काय तो हातभार.

बारांकोची भिंत पहिल्यांदा बघून पोटात गोळा येतो, पण हाताचा आधार घेत चढून जाता येतं. पन्हाळा-पावनखिंडीच्या चिखलातून चाललेल्या माणसाला जड नाही. तंबूत झोपायची तयारी मात्र हवी. शेवटचा मुक्काम बाराफू, ४६७३ मीटर. तिथून विवराच्या काठावरचा स्टेला पॉइंट आणि मग उहुरू.

आणि परत फिरलात याचं वाईट वाटून घेऊ नका. आपल्या कोल्हापूरचीच कस्तुरी सावेकर २०२१ मध्ये एव्हरेस्टवरून माघारी आली आणि २०२२ च्या मे महिन्यात माथ्यावर पोहोचली.

प्रतिसाद : डोंगरातली डॉक्टरीण

मी डॉक्टर आहे, पण तुम्हाला तपासलेलं नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

तुमचा तोल गेला ही साधी विरळ हवेची डोकेदुखी नव्हती. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं हा पहिला टप्पा. चालताना झोकांड्या जाणं म्हणजे मेंदूला सूज यायला लागल्याची खूण असू शकते. अशा वेळी माणसाला ताबडतोब खाली नेतात, आणि तुमच्या वाटाड्यानं तेच केलं. त्याचे उपकार माना. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला येणं ही फुप्फुसांची धोक्याची खूण. तिथंही उपाय तोच, उतरायचं.

फिटनेसचा आणि विरळ हवेचा संबंध लोक समजतात तसा नाही. वर हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, दाब कमी होतो. उहुरूवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. त्या दाबाशी जुळवून घ्यायला शरीराला काही रात्री जाव्या लागतात, आणि कुणाला किती ते आधी सांगता येत नाही. तंदुरुस्त माणसाचा तोटा एवढाच की पाय ऐकतात म्हणून तो घाई करतो. जाऊबाई हळू चालल्या, त्यांना ते फळलं. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक विसावा घ्यावा, असा साधारण नियम आहे. तुम्ही दुप्पट वेगानं गेलात.

डायमॉक्सबद्दल : ती सल्फा गटातलीच असली तरी सल्फाच्या प्रतिजैविकाचं वावडं असलेल्या प्रत्येकाला तिचं वावडं असतं असं नाही. पण पूर्वी पुरळ किती तीव्र होतं, तोंडात फोड आले होते का, यावर सगळं अवलंबून आहे. इथल्या डॉक्टरांना भेटा. त्यांनी होकार दिला तर कोल्हापुरातच, त्यांच्या नजरेखाली एकदा घेऊन पाहा. पहिल्यांदा डोंगरावर घेऊ नका. हातापायांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, ते घाबरण्यासारखं नाही.

आणि डोकेदुखीची गोळी घेऊन वर चढू नका. गोळीनं दुखणं झाकलं जातं, आजार तिथंच राहतो.

प्रतिसाद : कळंब्याचा पोरगा

ताई, तो ट्रेनिंगचा मास्क मिळतो बघा, तो लावून पायऱ्या चढा. आणि लसणाचं सूप प्या, नेपाळात देतात.

प्रतिसाद : डोंगरातली डॉक्टरीण

दादा, मास्कनं श्वास घेताना जोर लागतो, पण हवेचा दाब तेवढाच राहतो. शरीर उंचीला सरावत नाही. सूप गरम असतं, पाणी पोटात जातं, म्हणून जरूर प्या. त्यावर भरवसा ठेवू नका.

प्रतिसाद : शेंडा पार्कची मावशी

पाण्याबद्दल बोलते, कारण ते कुणी बोलत नाही. मीही लडाखमध्ये हेच केलं होतं आणि रात्रभर तळमळले. आता मी रुंद तोंडाची वेगळी बाटली आणि उभ्यानं वापरायचं फनेल नेते, तंबूतच काम होतं. आधी घरी बाथरूममध्ये चार-पाचदा सराव करायचा, म्हणजे तिथं घाबरायला होत नाही. बाटलीवर चिकटपट्टी गुंडाळून खूण करून ठेवा, अंधारात हाताला कळते. यावर गटातल्या बायका आपसात मोकळेपणानं बोलल्या की निम्मी अडचण संपते. पाणी दिवसभर थोडं थोडं, तहान लागायच्या आधी. किबोला पाण्याचा झरा नाही, हमाल खालून वाहून आणतात, तेव्हा ते मागायलाही जीव कचरतो. तरी मागा.

प्रतिसाद : जुना भटक्या

मी ६३ वर्षांचा. २०१७ साली लडाखमध्ये स्टोक कांग्रीवरून परत फिरलो, माथा वर दिसत होता. २०२० मध्ये ते शिखर गिर्यारोहणासाठी बंद केलं. मी परत गेलो नाही आणि मला त्याची रुखरुख नाही. तुम्हाला खरंच वर जायचं आहे, की त्या रात्रीचं काहीतरी पुसून टाकायचं आहे? दुसरं असेल तर किलिमांजारो पुन्हा चढून ते पुसलं जाणार नाही. बाळ, हे दुखवायला लिहीत नाही. दोन्हींचा खर्च सारखाच आहे, म्हणून विचारतो.

प्रतिसाद : धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही.

मला वर जायचं आहे. ते खरं आहे. पण रुखरुख शिखराची नाही हे तुमच्यामुळं लक्षात आलं. मी डोकं दुखतंय हे लपवलं, उलटी लपवली. माझ्यामुळं एक सहायक वाटाड्या खाली गेला. वर आणखी कुणाला त्रास झाला असता तर मुख्य वाटाडा एकटा पडला असता. हे मी गटात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. काल जाऊबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मला होरोम्बोलाच कळलं होतं, तू भाजी तशीच टाकलीस तेव्हा. मीच वाटाड्याला सांगून ठेवलं होतं, हिच्यावर लक्ष ठेव म्हणून." म्हणजे गुहेपाशी त्यानं टॉर्च माझ्याच तोंडावर का धरला, ते मला इतक्या महिन्यांनी कळलं.

डॉक्टरताई, आईला विचारलं. पुरळ आलं होतं, तोंडात फोड नव्हते. पुढच्या आठवड्यात आमच्या डॉक्टरांकडं जाते आणि ते सांगतील तसंच करते.

मार्ग लेमोशो, आठ दिवस. जाऊबाई पुन्हा येणार आहेत. त्यांना यावेळी माथ्याची घाई नाही, बारांकोची भिंत बघायची आहे म्हणतात. चालताना त्या पुढं आणि मी मागं, असं आत्ताच ठरलंय. या रविवारी जोतिबाला तसं चालून पाहिलं. पाऊण तास जास्त लागला. मला दोनदा पुढं जावंसं वाटलं, त्यांनी मागं न बघताच हात आडवा केला.

आता एकच विचारायचं राहिलं. किलिमांजारोच्या आधी शेजारचा माउंट मेरू, साडेचार हजार मीटरच्या थोडा वर, तीन-चार दिवसांत करून जातात असं वाचलं. त्यानं सराव होतो हे पटतं, पण पाय थकून जातात का? कुणी दोन्ही लागोपाठ केलं असेल तर मध्ये किती दिवस विसावा घेतलात, ते कृपया लिहा. सुट्टीचा अर्ज महिनाअखेर द्यायचा आहे.