‘जुळवून घेणे’, ‘रुळणे’, ‘करमणे’ : शिक्षणासाठी परमुलखात गेलेल्यांसाठी नेमका शब्द कोणता?

प्रश्न

वसतिगृहात नव्याने दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी एक माहितीपत्रक मराठीत लिहीत आहे. यातली बरीच मुलं वेगळ्या प्रदेशातून, वेगळ्या बोलीतून, वेगळ्या चालीरीतींतून येतात. मूळ इंग्रजी मजकुरात ‘ॲडजस्टमेंट’ हा शब्द तीन वेळा आला आहे. मी तिन्ही ठिकाणी ‘समायोजन’ लिहिलं आणि पहिल्या वर्षाच्या एका मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे जुळवून घ्यायचं ना? ते तर सगळेच सांगतात.”

तिच्या आवाजातला थकवा ऐकून मी लिहिणं थांबवलं. ‘समायोजन’ ऐकून तिच्या मनात ‘जुळवून घे’ उमटलं, म्हणजे माझ्या शब्दाने तिला धीर दिलाच नाही. तिच्या खांद्यावर आणखी एक काम ठेवलं.

मराठीत या अनुभवाला किती शब्द आहेत ते मोजू लागले : जुळवून घेणे, रुळणे, सरावणे, रमणे, रुजणे, मिसळणे, अंगवळणी पडणे. हे एकमेकांच्या जागी चालतात का? मला तरी चालतात असं वाटत नाही, पण फरक नेमका शब्दांत धरता येत नाही. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद

फरक आहे आणि तो व्याकरणात स्पष्ट दिसतो. एक सोपी कसोटी सांगतो : त्या क्रियापदाचा आज्ञार्थ करून पाहा.

‘जुळवून घे’ म्हणता येतं. रोज म्हटलंही जातं. ‘मिसळ सगळ्यांत’ हेही आपण म्हणतो. पण ‘रूळ आता तिथे’ असं कुणी कुणाला सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. ‘रुळणे’ आज्ञा स्वीकारत नाही. त्याचा प्रश्न होतो, ‘रुळलीस का गं?’ आणि त्याचा भविष्यकाळ होतो, ‘रुळशील हळूहळू’. कारण रुळणं हे कुणी करायचं काम नाही, ते वापराने आणि काळाने घडतं. केस खांद्यावर रुळतात, माळ गळ्यात रुळते, नवा शब्द भाषेत रुळतो. या सगळ्यांत जोर कुठेच नाही.

‘रुळवणे’ हे प्रयोजक रूप आहे, पण ते शब्दांसाठी आणि प्रथांसाठी वापरतात. ‘अमुकांनी हा शब्द रुळवला’ हे ठीक. ‘आम्ही त्या मुलाला रुळवलं’ हे माझ्या कानाला खटकतं. माणूस आपला आपण रुळतो.

आता ‘जुळवून घेणे’ बघा. यातलं ‘घेणे’ महत्त्वाचं आहे. समजून घेणे, सांभाळून घेणे, सामावून घेणे, जुळवून घेणे या सगळ्यांत कुणीतरी जाणूनबुजून काहीतरी स्वतःकडे ओढून घेतं. इथे कर्ता आहे, श्रम आहेत आणि बऱ्याचदा थोडी माघारही आहे. म्हणून त्या मुलीला तो शब्द जड गेला असणार.

प्रतिसाद

‘रुळणे’ हे रेल्वेच्या रुळावरून आलं का? ‘गाडी रुळावर येणे’ असा वाक्प्रचार आहे म्हणून विचारते.

प्रतिसाद

नाही. मुंबई ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, आणि देवाच्या गळ्यात माळ रुळते ती संतांच्या काव्यात, म्हणजे त्याच्या कित्येक शतकं आधी. ‘रुळावर येणे’ म्हणजे बिघडलेलं पुन्हा ठीक होणं. नव्या ठिकाणी गेलेल्या मुलाचं काहीच बिघडलेलं नसतं. दोन्ही अर्थ मिसळू नयेत, विशेषतः माहितीपत्रकात.

प्रतिसाद

मी अठराव्या वर्षी घर सोडलं आणि जिथे गेलो तिथली भाषा नावालाच माझी होती. मराठीच, पण वेगळी. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, आणि मी तर कितीतरी बारा कोस ओलांडून गेलो होतो. त्यामुळे या चर्चेत एक शब्द राहून गेला आहे तो मला सांगावासा वाटतो : करमणे.

पहिले दोन महिने घरून फोन आला की मी एवढंच म्हणायचो, “करमत नाही.” कारण विचारलं तर सांगता येत नसे. खोली चांगली होती, शिकवणारे चांगले होते, कुणी त्रास देत नव्हतं. सगळं ठीक असूनही चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहायचं. कुठल्या विनोदावर हसायचं ते कळायचं नाही, कुणाला ‘अरे’ म्हणायचं आणि कुणाला ‘अहो’ तेही कळायचं नाही. लोक ज्या सुरात साधं बोलत, तो सूर माझ्या कानाला रागाचा वाटे. माझं साधं बोलणं त्यांना उद्धट वाटत असे, हे फार नंतर समजलं.

‘घरची आठवण येते’ आणि ‘करमत नाही’ हे एक नाही. आठवणीला विषय असतो, माणूस असतो, जागा असते. करमत नाही याला विषयच नसतो. विदर्भात यालाच ‘गमत नाही’ म्हणतात, आणि वसतिगृहात तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा न सांगता अर्थ कळला होता.

बोलीचं आणखी एक. कुणी ‘करून राहिलो’ म्हणतं, कुणी ‘करायलोय’, कुणी ‘करतोय’. तिन्हींचा अर्थ एक, पण वर्गात ज्याचं रूप अल्पमतात असतं त्याच्या बोलण्यावर हशा होतो. मी माझं रूप सहा महिन्यांत गिळून टाकलं. सुट्टीत घरी गेलो तर तिथे म्हणाले, “भाषा बिघडली तुझी.” बदलली नाही, बिघडली. हे क्रियापद अजून सलतं. माहितीपत्रकात जमलं तर एवढं लिहा की इथे कुणाचीच बोली चुकीची नाही.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला धरून व्याकरणाची पुढची पायरी. ‘मी करमतो’ असं वाक्य मराठीत होत नाही. ‘मला करमतं’ किंवा ‘मला करमत नाही’ एवढंच होतं. अनुभवणारा माणूस चतुर्थीत जातो आणि कर्त्याची जागा रिकामी राहते. विषय नसलेल्या बेचैनीला मराठीने कर्ता नसलेलं क्रियापद दिलं, हे मला फार अचूक वाटतं.

आता एकाच मुलीबद्दलची ही वाक्यं पाहा :

तिला करमेना.
तिने जुळवून घेतलं.
तिथलं बोलणं तिच्या अंगवळणी पडलं.
ती रुळली.

तिला, तिने, तिच्या, ती. चारही वाक्यांत मुलगी तीच आहे, पण विभक्ती बदलते. पहिल्यात तिच्यावर काहीतरी येऊन पडलेलं आहे. दुसऱ्यात ती राबते आहे. तिसऱ्यात कर्ता ‘बोलणं’ आहे आणि ते तिच्या अंगाला वळण लावून जातं. ‘वळण’ अक्षराचंही असतं, रस्त्याचंही असतं, आणि अंगवळणी पडलेली गोष्ट विचार न करता होते. चौथ्या वाक्यात ती कुठल्याही प्रत्ययाशिवाय, प्रथमेत उभी आहे.

सगळ्यांचा क्रम असाच असतो असं नाही. काही जण जुळवून घेतात आणि रुळत मात्र नाहीत, चार वर्षं. त्यांना बाहेरून पाहणारा माणूस ‘छान ॲडजस्ट झालाय’ म्हणतो. ‘जुळवून घेणे’ आणि ‘रुळणे’ वेगळे ठेवायला हवेत ते यासाठीच.

प्रतिसाद

‘सरावणे’बद्दल. हे बहुतेक इंद्रियांसाठी वापरतात. डोळे अंधाराला सरावतात, हात कामाला सरावतो, कान नव्या उच्चारांना सरावतात. माणूस अख्खा रुळायच्या आधी त्याचे कान सरावलेले असतात.

‘रुजणे’ मात्र मी टाळेन. रोप रुजतं म्हणजे ते तिथलंच होतं. शिकायला आलेल्या मुलाने तिथलंच व्हावं ही अपेक्षा आपण का करावी?

प्रतिसाद

पारिभाषिक बाजू मांडते. ‘समायोजन’ हा मानसशास्त्राच्या आणि शिक्षणशास्त्राच्या मराठी पुस्तकांतला स्थिर शब्द आहे आणि तिथे तो योग्यच आहे. ‘अनुकूलन’ जीवशास्त्रात जास्त चालतं. माहितीपत्रकात दोन्ही नकोत.

‘कल्चर शॉक’चं ‘सांस्कृतिक धक्का’ करतात, तेही मला पटत नाही. ही संज्ञा मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांच्या १९६० च्या लेखामुळे सर्वत्र पसरली, आणि त्यांनी वर्णन केलेल्या टप्प्यांत पहिला टप्पा नवलाईचा आहे. त्रास त्यानंतर सुरू होतो. रोजच्या लहानसहान खुणा, म्हणजे केव्हा नमस्कार करायचा, केव्हा गप्प राहायचं, नकार कसा ओळखायचा, या ओळखीच्या खुणा नाहीशा झाल्यामुळे येणारी ती चिंता आहे. मराठीत ‘धक्का’ एका क्षणात बसतो. इथे जे होतं ते आठवडे चालतं. ‘चुकल्याचुकल्यासारखं वाटणं’ हे मला ओबर्ग यांच्या आशयाच्या जास्त जवळचं वाटतं.

आणखी एक, कारण ते या धाग्याच्या मुळाशी जातं. रेडफील्ड, लिंटन आणि हर्स्कोविट्स या तीन मानववंशशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये संस्कृतींच्या संपर्काची जी व्याख्या केली, तिच्यात बदल एका गटात किंवा दोन्ही गटांत होतो असं म्हटलं आहे. आपण मात्र सगळी क्रियापदं येणाऱ्यालाच लावतो आहोत. जे तिथे आधीपासून आहेत त्यांच्यासाठी कोणतं?

प्रतिसाद

सामावून घेणे.

प्रतिसाद

आयुर्वेद शिकते आहे, म्हणून ‘सात्म्य’ हा शब्द सुचवते. सवयीने शरीराला मानवू लागलेली गोष्ट म्हणजे सात्म्य. प्रदेशानुसार मानवतं ते देशसात्म्य, पुन्हा पुन्हा केल्याने मानवतं ते ओकसात्म्य. चरकसंहितेत सवय बदलण्याचा क्रमही दिला आहे : जुनं एकदम सोडू नये, नवं एकदम धरू नये, चौथाई चौथाईने करावं. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात मी स्वतःला बदलायला निघाले होते आणि आजारी पडले. पुढे हा भाग अभ्यासात आला तेव्हा तो मी दोनदा वाचला.

शब्द पत्रकासाठी जड आहे हे मान्य. पण ‘चौथाई चौथाईने’ एवढं तरी घ्या. आणि ‘सात्म्य’ म्हणजे ‘आत्मसात’ असं समजू नका. पहिल्यात ‘स’ आणि ‘आत्म’ आहे, दुसऱ्यात ‘सात्’ हा प्रत्यय आहे.

प्रतिसाद

एवढं कशाला? ‘ॲडजस्ट होणे’ सगळ्यांना कळतं. कागद आणि खुर्ची अरबी-फारसीतून आले, पगार आणि चावी पोर्तुगीजांकडून आले, सगळे रुळले. हाही रुळला आहे.

प्रतिसाद

रुळला आहे हे खरं, पण कोणत्या अर्थाने ते पाहू. गर्दीच्या गाडीत उभा असलेला माणूस बाकावरच्यांना म्हणतो, “जरा ॲडजस्ट करा ना.” म्हणजे सरका, मला जागा द्या. बोलणारा नवा आणि सरकणारे आधीचे. महाविद्यालयात हेच उलटं होतं : आधी बसलेले नव्याला सांगतात, “ॲडजस्ट हो.” गाडीतला अर्थ मला जास्त आवडतो. बोली मराठीने या शब्दाला दिलेला तो खास अर्थ आहे आणि तो ‘सामावून घेणे’च्या शेजारी बसतो.

‘जुळवून घे’बद्दल मनातलं लिहिते. पिढ्यान्‌पिढ्या हे वाक्य सासरी निघालेल्या मुलींना सांगितलं गेलं. माझ्या आजीला, आईला, मलाही. त्यात ‘तुझं म्हणणं बाजूला ठेव’ हे न बोलता आलेलं असतं. शिकायला निघालेल्या मुलीला तेच वाक्य दिलं की तिला त्यातला जुना अर्थ ऐकू येतो. ‘देश तसा वेश’ही मी म्हणणार नाही, पण वेगळ्या कारणाने : वेश चढवता-उतरवता येतो, करमणं न करमणं तसं नसतं.

प्रतिसाद (प्रश्नकर्ती)

सगळ्यांची ऋणी आहे. काल रात्री पुन्हा बसून ‘समायोजन’ तिन्ही ठिकाणांहून काढलं. आता परिच्छेद असा आहे :

“पहिले काही आठवडे इथे करमणार नाही. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. इथल्या बोलण्याला कान सरावायला वेळ लागतो. तुमची बोली तुमच्याजवळ राहू द्या, ती चुकीची नाही. सवयी चौथाई चौथाईने बदला, आणि ज्या बदलाव्याशा वाटत नाहीत त्या बदलू नका. तुम्हाला सामावून घेणं हे इथे आधीपासून असलेल्यांचं काम आहे. ते होत नसेल तर आम्हाला येऊन सांगा. रुळाल.”

त्या मुलीला वाचून दाखवलं. तिने ‘करमणार नाही’ इथे बोट ठेवलं आणि म्हणाली, हे पत्रक तिच्या आईलाही पाठवा.

प्रतिसाद

एक सुचवणी. ‘करमणार नाही’ऐवजी ‘कदाचित करमणार नाही’ करा. काही मुलं पहिल्या दिवसापासून रमतात. आपल्यालाच काही वाटत कसं नाही, अशी चुटपूट त्यांना लागायला नको.

प्रतिसाद (प्रश्नकर्ती)

केलं. आणि ‘आठवडे’च्या जागी ‘दिवस किंवा आठवडे’ केलं.