मोबाईल नंबर हेडरमध्ये नको

नोकरीचे सीव्ही निवडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपला सीव्ही वर यावा म्हणून त्यात पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड (जाहिरातीतले नेमके शब्द) लपवा, असा सल्ला काही जण देतात, तो कृपया कोणी पाळू नका. हे सॉफ्टवेअर रंग बाजूला ठेवून नुसता मजकूर काढतं, त्यामुळे लपवलेले शब्द एचआरला उघड दिसू शकतात. सीव्ही दोन कॉलममध्ये मांडू नका, हा सल्ला मात्र पटतो. काही पार्सर (सीव्हीतला मजकूर वाचून काढणारी सॉफ्टवेअर) ओळ आडवी सलग वाचतात आणि कंपनीचं नाव शेजारच्या स्किल्समध्ये मिसळतं.

राहिलेला मुद्दा नंबर आणि पत्त्याचा. वर्डच्या हेडरमध्ये टाकलेला मोबाईल नंबर काही पार्सर वाचतच नाहीत. तो मुख्य मजकुरात, नावाखालीच घ्या. नुसतं 'घणसोली' किंवा 'वागळे इस्टेट'ही लिहू नका. नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेच्या जागांसाठी माणसं शोधताना एचआरने शहराचं नाव टाकलं, तर तुमचा सीव्ही कदाचित वर येणार नाही. 'घणसोली, नवी मुंबई' असं पूर्ण लिहा. आणि पाठवण्याआधी पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. क्रम विस्कटला तर मांडणी बदला. काहीच आलं नाही तर ती फाइल म्हणजे नुसतं चित्र आहे (झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन केलेल्या सीव्हीचं बहुतेकदा हेच होतं). मूळ वर्ड फाइलमधून पुन्हा पीडीएफ काढा.