दुकानाचं लाईटबिल आणि खवट चटणी

प्रश्न: सोलापुरात नवी पेठेजवळ छोटं किराणा दुकान आहे. एप्रिल लागला की फ्रीज थांबायचं नावच घेत नाही. त्यात शेंगा चटणी खवट होऊन परत येते. गेल्या महिन्यात अकरा पाकिटं फेकली. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: दादा, माझी डेअरी आहे, म्हणून आधी फ्रीजचंच सांगतो. दारात दहाची नोट धरून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर गेलंय, गारवा बाहेर चाललाय. माझं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलेलं, वर्षभर लक्षातच आलं नाही. शिवाय फ्रीज भिंतीला चिकटवलेला, मागच्या जाळीवर धुळीचा गालिचा! प्लग काढून ब्रशनं झाडली, फ्रीज वीतभर पुढं ओढला. आता मोटर मधूनमधून बंद होते. तो आवाज थांबला की बरं वाटतं बघा.

उत्तर २: ट्यूबा जुन्या चोकवाल्या आहेत का? चोकसकट एक साधारण 50 वॅट खाते, एलईडी पट्टी 20. सहा ट्यूबा रोज 10 तास धरल्या तर महिन्याला 54 युनिट वाचतात.

उत्तर ३: चटणी दर्शनी काचेत ठेवता ना? शेंगदाण्याचं तेल उन्हानं खवट होणारच. आतल्या फळीवर ठेवा, जुनं पाकीट पुढं, नवं मागं. आणि महिन्याची एकदम भरू नका, आपल्या गावात चटणी काय आठवड्यालाही मिळते!

मूळ प्रश्नकर्ता: नोट सुळकन निघाली वो. रबरवाल्याला बोलावलंय. चटणी काचेतच होती, गिऱ्हाइकाला दिसावी म्हणून.