मदत हवी आहे : डिस्कॉर्डवरचा मराठी रोलप्ले, पहिल्या आठवड्यानंतर सगळे गायब

गलबत

नमस्कार मंडळी,

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मराठीतून लिहून खेळायचा रोलप्ले चालवतेय. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: ग्राफिक्स वगैरे काही नाही. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, ते काय करतं आणि काय बोलतं ते लिहायचं. बाकीचं जग, म्हणजे घरमालक, शिपाई, पाऊसपाणी, मी लिहायचं. काय होईल ते सांगता येत नसेल तिथे फासा टाकायचा. सगळ्यांनी एकाच वेळी ऑनलाइन असायची गरज नाही, ज्याने त्याने सवडीने लिहावं.

आमचा खेळ घडतो मुंबईत, मांडवीला, १८९६ च्या सप्टेंबरात. खाली धान्याची गोदामं, वर माणसांनी खच्चून भरलेल्या खोल्या. डॉ. व्हिएगस यांनी हा ताप म्हणजे ग्रंथिक सन्निपात, प्लेग आहे असं निदान केलंय, आणि अर्ध्या शहराचा त्यावर विश्वास नाही. पात्रं साधी आहेत: हमाल, गोदामाचे मेहताजी, एक सुईण, गिरणीत बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, जाणारा पोरगा. कोणी राजा नाही, कोणी योद्धा नाही.

आता अडचणी.

पहिली म्हणजे वेग. पहिला आठवडा दणक्यात जातो, मग सामसूम. आत्ताचंच बघा. रात्री दारावर थाप पडते. बाहेर म्युनिसिपालिटीची माणसं, आत पलंगाखाली लपवलेला तापाचा रोगी. दार सुईणबाईंनी उघडायचंय. ती भूमिका करणाऱ्या मुलीची परीक्षा लागली. म्हणजे म्युनिसिपालिटीची माणसं गेले कित्येक दिवस कंदील धरून जिन्यात उभी आहेत, आणि बाकीचे खेळाडू 'वाट बघतोय' असं लिहून झोपी गेलेत.

दुसरी अडचण म्हणजे उंदीर. आपल्याला सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. मग प्रत्येक नवा खेळाडू आल्या आल्या काठी घेऊन उंदरांच्या मागे. एकाने तर हमालाच्या तोंडी 'सोशल डिस्टन्सिंग'चं भाषण घातलं, धोतर नेसून. अडवलं की रुसतात. आणि जे उंदरांच्या मागे लागत नाहीत त्यांना पुण्याला जाऊन रँडसाहेबाला उडवायचं असतं. अहो, ते जून १८९७ मध्ये, आपण अजून गणपतीत आहोत.

तिसरी, जाहिरात. डिसबोर्डवर, म्हणजे डिस्कॉर्डच्या ग्रुपांची यादी असते त्या साइटवर, आमचा सर्व्हर टाकलाय, यादीत वर यावा म्हणून दर दोन तासांनी बम्प करून बोटं झिजली. येणाऱ्यांतल्या निम्म्यांना मराठी वाचता येत नाही, ते 'हाय' म्हणतात आणि जातात. कॉलेजच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लिंक टाकली की 'स्तुत्य उपक्रम' आणि हात जोडल्याचे इमोजी. येत कोणीच नाही.

कोणी असा खेळ चालवला असेल तर सांगा. 'मराठी माणूस वाचतच नाही' हे ऐकून झालंय, ते नको.

---

खडीसाखर

मला खेळायला जमणार नाही, लिहिण्याच्या नावाने बोंब आहे. पण ते पलंगाखालच्या माणसाचं पुढे काय झालं? नुसतं वाचायला आत येता येतं का?

---

गलबत

@खडीसाखर, काहीच झालं नाही, तीच तर तक्रार! नुसतं वाचायला नाही येता येत हो, प्रवेश फक्त पात्र घेणाऱ्यांना आहे.

---

तिसरा_फासा

बरीच वर्षं इंग्रजीतून पोस्ट-बाय-पोस्ट खेळ चालवतोय, मराठीतून फार थोडे. तुमची पहिली अडचण सार्वत्रिक आहे. परीक्षा, बाळंतपण, नवी नोकरी, हे होणारच. लोक गायब होणार हे धरूनच प्रसंग रचायचा.

एका दाराशी एकच माणूस उभा करू नका. तुमच्या प्रसंगात कडी फक्त सुईणीच्या हातात आहे. त्याऐवजी असं लिहा: थाप पडते. शेजारच्या खोलीतून मेहताजी खोकतात. खाली रस्त्यावर हमालाला ती माणसं आपसात काय बोलतायत ते ऐकू येतं. पोरग्याला मागच्या गॅलरीतून उडी मारता येईल. आता चौघांपैकी कोणीही लिहिलं तरी गोष्ट पुढे सरकते. सुईणबाई आल्या तर उत्तम.

दुसरं, मुदत. आमच्याकडे अठ्ठेचाळीस तास. तेवढ्यात नाही लिहिलं तर ते पात्र मी चालवतो, पण त्याचं नुकसान होईल असं काही करत नाही. सुईण दार उघडते आणि बाजूला उभी राहते, बस्स. हे पात्र घेतानाच सांगून ठेवायचं, म्हणजे नंतर कुरबुर होत नाही.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: शेवट नसलेला खेळ जाहीर करू नका. 'मांडवी १८९६, कायम सुरू' याला कोण येणार? नवा माणूस आत डोकावतो, त्याला मागच्या हजार पोस्टी दिसतात आणि तो पळतो. त्याऐवजी 'एक रात्र, चार पात्रं, दोन आठवडे' म्हणा. संपलं की संपलं. ज्याला आवडलं तो पुढच्या रात्रीला आपणहून येतो. प्रत्येक प्रसंगाला वेगळा थ्रेड काढा आणि संपल्यावर कुलूप लावा.

टपरबॉक्स बॉट वापरता का? पात्राच्या नावाने आणि चित्राने पोस्ट पडते. त्याने फार फरक पडतो, विशेषतः लाजऱ्या माणसांना.

---

कर्सर

डिस्कॉर्डच कशाला? एव्हेनिया आहे, पायथॉनमध्ये आहे, फुकट आहे, स्वतःचा मड (अनेकांनी एकाच वेळी टाइप करून खेळायचं शब्दांचं जग) उभा करा. १९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी पहिला मड लिहिला तेव्हा कुठे होतं डिस्कॉर्ड? खोल्या, वस्तू, आज्ञा सगळं तुमच्या ताब्यात. 'उत्तर' टाइप केलं की गोदामात.

---

तिसरा_फासा

@कर्सर, मडचा मीही भक्त आहे. पण मडला एका वेळी माणसं हजर लागतात. यांच्याकडे आहेत मोजून मूठभर, त्यातही कोणी पुण्यात, कोणी दुबईत असेल. रिकाम्या मडमध्ये फिरण्याइतकं भकास काही नाही. आधी माणसं, मग मशीन.

---

गलबत

टपरबॉक्स आहे. एक तांत्रिक गंमत सांगते, कोणाला उपयोगी पडली तर. डिस्कॉर्डची एका पोस्टची मर्यादा दोन हजार कॅरेक्टर्स. देवनागरीत प्रत्येक काना, वेलांटी, हलन्त वेगळा मोजला जातो, त्यामुळे मराठी पोस्ट दिसते त्यापेक्षा लवकर भरते. मेहताजींचं पाल्हाळ मधेच तुटतं. सुरुवातीला वैताग आला, आता वाटतं बरंच आहे.

मुदतीचं पटलं. मागच्या गॅलरीचं तर आजच लिहिते.

---

पर्वरीकार

उंदरांविषयी. (आणि डॉ. आकासियो व्हिएगस आमच्या गोव्यातल्या बार्देसातले, हडफड्याचे, हे खेळात कुठेतरी येऊ द्या. पुढे ते मुंबई म्युनिसिपालिटीचे अध्यक्षही झाले. धोबी तलावाजवळ मेट्रो सिनेमापाशी त्यांचा पुतळा आहे, लोक त्याच्या सावलीत बसची वाट बघतात.)

तुम्ही खेळाडूंना 'तेव्हा माहीत नव्हतं' म्हणून अडवताय, तिथेच गाडी रुतते. उंदीर पटापट मरायला लागले की काहीतरी वाईट येणार, हे त्या काळी लोकांच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. मांडवीच्या गोदामांत मेलेले उंदीर दिसत होतेच. माहीत नव्हती ती पिसू. हाँगकाँगला १८९४ मध्ये जंतू सापडला होता, पण पिसवेचं फ्रेंच डॉक्टर सिमाँने दाखवलं १८९८ मध्ये, कराचीत, आणि त्यालाही पुष्कळ वर्षं कोणी धूप घातली नाही. परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर प्लेग कमिशनने रीतसर प्रयोग केले तेव्हा कुठे ते पक्कं झालं. तोवर सरकार गटारं धूत होतं, भिंतींना चुना लावत होतं आणि माणसांना उचलून नेत होतं.

मग हमालाला म्हणू द्या की उंदरांत काहीतरी आहे. फासासुद्धा टाकायला लावू नका. पण हे तो सांगणार कोणाला? गोदामाच्या शेठला? गोदामात रोग आहे हा बभ्रा झाला तर धान्य कोण उचलेल? शेठ जैन असेल तर उंदीर मारणं हाच वेगळा तंटा. म्युनिसिपालिटीच्या साहेबाला? तो हमालाचं ऐकून घेईल? आणि खरंच ऐकलं तर पहिल्यांदा ह्याच चाळीच्या दारावर यू.एच.एच. (अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन, राहायला अयोग्य) रंगवून माणसांना बाहेर काढतील, मग शेजारी हमालाला सोडतील काय? खरी गोष्ट ठाऊक आहे आणि ती बोलायची सोय नाही, यात माझ्या मते तुमचा सगळा खेळ आहे. ज्ञान फुकट द्या, ते वापरायची किंमत लावा.

---

गलबत

@पर्वरीकार, साष्टांग नमस्कार घ्या. मी नियमांचं पान लिहीत बसले होते, 'पात्राला अमुक माहीत नाही, तमुक माहीत नाही'. ते पान गेलं कचऱ्यात.

रँडसाहेबाच्या मागे लागणाऱ्यांचं काय करू ते पण सांगा.

---

पर्वरीकार

त्यांना ऑक्टोबर १८९६ द्या. आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता. ज्यांना राडा हवा त्यांना राडा मिळेल, आणि तुमच्या बदलीवरच्या पोरग्याला ठरवावं लागेल की दगड उचलायचा का. त्याची आई आत दाखल असेल तर अजून छान.

---

भेंडीबाजार_लोकल

देवनागरीची सक्ती काढा, पन्नास टक्के पोरं तिथेच गळतात. रोमनमध्ये लिहू दे, भाव महत्त्वाचा.

---

शुद्धलेखन_पोलीस

'Mehtaji mhanale' असं वाचत १८९६ मध्ये जायचं? मग कायप्पाच बरं. आता फोनवर बोलून टाइप होतं, सक्ती कसली डोंबलाची.

---

तिसरा_फासा

@भेंडीबाजार_लोकल, @शुद्धलेखन_पोलीस, दोघं भांडू नका. खेळाच्या थ्रेडमध्ये देवनागरी, गप्पांच्या चॅनलमध्ये काहीही. ऱ्हस्व-दीर्घ कुठेच तपासू नका. लिहिणाऱ्याला चूक दाखवली की तो दुसऱ्यांदा लिहीत नाही. पात्राच्या तोंडची बोली तर अजिबात सुधारू नका, घाटावरचा हमाल आणि कोकणातली सुईण एकसारखं बोलले तर मजा काय?

एक सक्ती मात्र करा: चॅटबॉटकडून लिहून आणलेल्या पोस्टी चालणार नाहीत. ताबडतोब ओळखू येतात. सुईणबाई अचानक 'मानवी अस्तित्वाच्या क्षितिजा'बद्दल बोलायला लागतात.

---

गोदाक्का

खेळ गोड दिसतोय, पण विषय जड आहे हो. मागच्या साथीत घरातलं माणूस गेलेले लोक तुमच्याकडे येतील. पात्र देताना आधी खाजगीत विचारा, काय नको आहे ते. लहान मुलाचं मरण नको, प्रेतं नेण्याचं वर्णन नको, जे असेल ते. कारण विचारू नका, नुसती यादी ठेवा. आणि अठराच्या खालची मुलं घेत असाल तर त्यांचं वेगळं टेबल करा, मोठ्यांनी त्यांना खाजगी निरोप पाठवायचे नाहीत असा नियम आधीच लिहून ठेवा. मी एका अशा ग्रुपची मॉडरेटर होते, भांडण झाल्यावर नियम लिहिले की ते कोणाविरुद्ध तरी लिहिलेत असंच वाटतं.

---

विंगेतून

माणसं कुठे मिळतील त्याचं उत्तर: एकांकिकावाले. लिहायची हौस असते, दुसऱ्याच्या वाक्यावर वाक्य टाकायची सवय असते, आणि पात्रात शिरायला कोणी सांगावं लागत नाही. फक्त पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमी चालू असताना विचारू नका, घरचेसुद्धा तेव्हा त्यांना विचारत नाहीत. स्पर्धा संपली की पोरं मोकळी आणि चिडलेली असतात, तेव्हा गाठा.

दुसरे मायबोली या संकेतस्थळावरचे जुने लोक. गणेशोत्सवात तिथे एसटीवाय चालायचं, एकाने गोष्ट सुरू करायची आणि बाकीच्यांनी पुढे न्यायची. त्यांना अर्धा खेळ आधीच येतो, फासा तेवढा शिकवावा लागेल.

ग्रुपवर लिंक टाकून कोणी येत नाही. एकेकाला निरोप करा, आणि पात्र ठरवूनच करा: 'तुझ्यासाठी एक मेहताजी राखून ठेवलाय, नाटकी आहे, कंजूष आहे.' अशा निरोपाला माणूस नाही म्हणायला लाजतो.

---

तिसरा_फासा

आणि @खडीसाखर यांची पोस्ट परत वाचा. जाहिरात तिथेच पडलीय. बाईंना खेळाशी देणंघेणं नाही, त्यांना पलंगाखालच्या माणसाचं काय झालं ते हवंय. संपलेले प्रसंग वाचायला उघडे करा. खेळाडूंची परवानगी घ्या, फासे आणि मधल्या गप्पा काढा, कथेसारखं लावा आणि ऐन दार उघडण्याच्या आधी थांबवा. खाली एक ओळ: पुढच्या रात्रीसाठी दोन पात्रं रिकामी आहेत. वाचणाऱ्या शंभरातले दोन आले तरी तुमचं टेबल भरलं.

---

गलबत

सगळ्यांचे आभार. हे लावतेय, कसं वाटतं सांगा:

'मांडवी, १८९६. दारावर थाप पडली आहे आणि पलंगाखाली माणूस आहे. दोन आठवड्यांची गोष्ट, चार पात्रं, मराठीतून. दोन दिवसांत एकदा पाच-सहा ओळी लिहिता आल्या की पुरे. नियम खेळता खेळता कळतील. अठरा वर्षांवरील. रिकामी पात्रं: गोदामाचा रखवालदार, म्युनिसिपालिटीचा दुभाष्या.'

---

विंगेतून

'डिस्कॉर्ड' शब्द नाही हे बरं केलंत, पण लिंकच्या आधी एका ओळीत आत कसं शिरायचं ते लिहा, आमच्या पिढीला त्या ॲपची भीती वाटते. बाकी दुभाष्या जबरदस्त आहे. दोन्हीकडून शिव्या खाणारा माणूस. तो मी घेतो, दुसऱ्याला देऊ नका.

---

खडीसाखर

रखवालदार बाई असली तर चालेल का? पाच ओळी जमतील बहुतेक.

---

गलबत

@खडीसाखर, रखवालदाराची बायको करूया. नवरा तापाने पडलाय आणि गोदामाच्या किल्ल्या तुमच्याकडे आहेत. निरोप पाठवतेय.