मित्रांचा घटस्फोट झालाय, गणपतीला कोणाला बोलवायचं?

ट्रेकवाली_पुणे:
आमचा कॉलेजपासूनचा ग्रुप. त्यातल्या एका जोडीचा नुकताच शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात म्युच्युअलने, म्हणजे दोघांच्या संमतीने, घटस्फोट झाला, पटत नव्हतं एवढंच, पण ग्रुपची पार वाट लागलीये. कोणीतरी तिला वगळून नवीन व्हॉट्सॲप ग्रुप काढला, जुन्यावर आता नुसते गुड मॉर्निंग. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, उकडीचे मोदक वळायला दरवर्षी तीच येते आणि आरतीला झांजा त्याच्याकडे. नवरा म्हणतो तो आपला मूळचा मित्र, ती त्याच्यामुळे आली. अरे पण माझ्या डिलिव्हरीच्या वेळी रात्रभर हॉस्पिटलात तीच बसली होती ना! काय करू?

कोकणी_माणूस:
दोघांनाही बोलव, आणि दुसऱ्यालाही बोलावलंय हे दोघांना आधीच सांग. हवं तर एकाला सकाळी पूजेला नि जेवायला, दुसऱ्याला संध्याकाळच्या आरतीला. यायचं की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू दे, तुम्ही परस्पर ठरवू नका.

नाशिककरीण:
मी यातून गेलेय म्हणून सांगते. नवरा जाणार हे माहीत होतं, मैत्रिणी जातील असं वाटलं नव्हतं. भांडलं कोणीच नाही, बोलावणं बंद झालं फक्त. संक्रांतीला हिला हळदीकुंकवाला बोलवावं की नको या विचारात लोक फोनच करत नाहीत. एकजण मात्र सरळ घरी आली, कुंकू लावलं, वाण दिलं आणि चहा पीत तासभर बसली, तेव्हा किती बरं वाटलं ते शब्दांत नाही सांगता येत. फक्त त्याचं काय चाललंय ते तिला सांगत बसू नकोस, आणि तिचं त्याला.

अ‍ॅडव्होकेट_ठाणे:
बरेच मित्र कोर्टाच्या भीतीने लांब राहतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली म्युच्युअल असेल तर मित्रांना साक्षीला बोलवायची सहसा वेळच येत नाही. यात कोर्टात दोनदा अर्ज करावा लागतो, त्या दोन अर्जांच्या मध्ये सहा महिने थांबावं लागतं, तेही सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालापासून कोर्ट माफ करू शकतं. केस लढवली जात असेल तर मात्र ग्रुपवर काय लिहिता ते जपा, चॅटचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून जातात. तुमच्यांचं तर सगळं मिटलंय, आता कोणाची बाजू घ्यायचं कारणच काय?

ट्रेकवाली_पुणे:
थँक्यू सगळ्यांना. आज रात्री नवऱ्याशी बोलते आणि उद्या दोघांना वेगवेगळा फोन करते. त्या नवीन ग्रुपमधून मी बाहेर पडलेय.