आजीच्या हातातलं काळं डाळिंब

खानापूरची लेक:
आजी चार वर्षांची असतानाचा फोटो आहे, बेळगावच्या कॅम्पात काढलेला. मागे पेन्सिलीनं '१९२४'. कार्डावरचं स्टुडिओचं नाव वाळवीनं खाल्लंय. परकर-पोलकं, पायांत वाळे, मागे पडद्यावर रंगवलेला जिना, आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं काहीतरी काळं, गोल. आजी सांगायची, 'ते माझं गोकाकचं लाल लाकडी डाळिंब.' गेल्या महिन्यात एका दुकानात फोटो रंगवायला दिला, त्यांनी त्याचा काळा चेंडू केला. आई ८२ वर्षांची, बघून रडायलाच लागली. लाल रंग इतका काळा येतो का? की खेळणं स्टुडिओचंच होतं?

निपाणीचा फोटोवाला:
ताई, आजींचं बरोबर आहे. तेव्हाच्या स्टुडिओतल्या काचेच्या प्लेटांना, म्हणजे निगेटिव्हना, लाल दिसायचंच नाही. लाल असेल तिथे प्लेट कोरी राहायची आणि कागदावर काळं उमटायचं. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. वडिलांच्या हाताखाली मी त्याच उजेडात कागद धुतलेत. निळं मात्र पार पांढरं पडायचं. कपाळावरचं कुंकू बघा, काळंच असणार.

घटप्रभाकाठचा:
आमच्या गोकाकची लाकडी फळं नावाजलेली. हलकं लाकूड, वर हातानं दिलेला रंग. डाळिंबाला वर मुकुट असतो, चेंडूला कुठला? भिंग घेऊन तेवढं बघा.
स्टुडिओवाले खेळणी ठेवायचे हे खरं. हात गुंतले की पोर हलत नाही. १८५० नंतरच्या ओल्या प्लेटांना, म्हणजे रसायन ओलं असतानाच वापरायच्या काचांना, फोटो उमटायला कित्येक सेकंद लागायचे, तेव्हा तर त्याची फार गरज. पण परक्याचं खेळणं मूल असं पोटाशी कवटाळत नाही, असं मला वाटतं.
आणि एक, फोटो ओल्या फडक्यानं पुसू नका, कार्डावरून सोलू तर अजिबात नका.

खानापूरची लेक:
आत्ताच खिडकीत बसून भिंगातून बघितलं. कुंकू काळं. उजव्या अंगठ्याच्या वर मुकुटाची तीन टोकं स्पष्ट दिसतात, चौथ्याच्या जागी नुसता खडबडीत तुकडा. आईला फोन केला. ती लगेच म्हणाली, 'ते आईनंच दातानं तोडलं होतं, खरं डाळिंब समजून.'
दुकानातला रंगीत फोटो भिंतीवरून उतरवलाय.